रामोजीरावांचा उजवा पाय

वर्तमानपत्रात जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी वाण्याकडे पुड्या बांधायला जातं. जे छापता येत नाही ते मात्र कुठं जात नाही. ते बातमीदाराच्या डोक्यात साठत राहतं. मद्रासला माउंट रोडवरच्या एका इंग्रजी दैनिकात मी उमेदीची वर्षं घालवली. ज्या मंत्र्यांची भाषणं लिहून बोटं दुखली, त्यांचं एक वाक्य आज आठवत नाही. आठवते ती कचेरीची गाडी, आणि ती आठवली की अजून डोकं फिरतं.

गाडी युद्धापूर्वीची, विलायती, काळी, मालकांनी जुनीच घेतलेली. ड्रायव्हर रामोजीराव. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, राहायला मैलापूरला. त्यांची मराठी इतकी जुनी की माझ्या पणजोबांना ती जास्त कळली असती. रागवायचे तमिळमध्ये आणि दुःख करायचे मराठीत. त्यामुळे कचेरीत त्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता आणि दुःख फक्त मला.

* * *

एकदा भर दुपारी मीनंबाक्कमच्या विमानतळाकडे जाताना गाडीतलं पेट्रोल संपलं. मागच्या सीटवर आमचे मॅनेजर बसले होते. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला होता, आणि तो दुरुस्त करा म्हणून रामोजीराव कितीदा सांगून थकले होते. मॅनेजर चिंचेच्या झाडाखाली घाम पुसत म्हणाले, "बैलाला चारा घालायचं भान साध्या गाडीवानालासुद्धा असतं."

रामोजीराव दर शुक्रवारी गाडीच्या बॉनेटला आणि स्टिअरिंगला चंदनाचं गंध आणि कुंकू लावत. त्या शुक्रवारपासून मागच्या बाजूला, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरही गंधाचा गोळा बसू लागला. मी विचारलं, "इथं कशाला?"

"ते तिचं तोंड नव्हे का, सार? तोंडास गंध असलें म्हणजे पुनः उपाशी राहणार नाहीं."

काटा शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही. गंधाला मॅनेजरची मंजुरी लागत नव्हती, एवढाच फरक.

* * *

पुढं काही दिवसांनी गाडीला नवंच दुखणं जडलं. सुरू व्हायची झोकात. थोडं अंतर गेलं आणि जरा वेग हवा म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की बोलता बोलता शब्द विसरलेल्या माणसासारखी अडायची. मग दोन आचके, आणि त्यानंतर सरपटणं.

जॉर्ज टाउनमध्ये एका कापसाच्या गोदामाला आग लागली. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. रामोजीराव पेडलशी झगडत होते आणि मी दातओठ खात होतो. एवढ्यात दुसऱ्या पेपरचा बातमीदार शेजारून सायकलवर आला. क्षणभर आमच्याबरोबर चालला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "तुम्ही सावकाश या. मी पुढं जाऊन आग थोपवून धरतो."

आम्ही पोचलो तेव्हा बंबवाले चहा पीत होते.

* * *

गाडी वर्कशॉपमध्ये गेली. तिथं ती मेकॅनिकसमोर अशी काही घुमली की आम्हीच खोटे ठरलो. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर खोकला थांबतो ना, तसं. तरी मेकॅनिकनं प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला पॉइंट बदलले. तिसऱ्या खेपेला कार्बुरेटर उतरवून धुतला, मग पेट्रोलचा पंप बदलला. काढलेला प्रत्येक जुना भाग तो आमच्याच पेपरात नीट गुंडाळून परत द्यायचा.

त्या काळात आमच्या पेपरचा एवढा काळजीपूर्वक उपयोग मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिला नाही.

* * *

आमचे चीफ सब-एडिटर पद्मनाभन यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. म्हणून गाडीवर त्यांची मतं ठाम असत. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर हेरली. पेट्रोल भरल्यावर गाडी काही वेळ सुरेख पळते. यावरून त्यांनी निदान केलं, "शिळं पेट्रोल. टाकीत पडून राहिलं की मरतं. थोडं थोडं भरा, ताजं ताजं भरा."

तसं केलं. वाटेत दोनदा थांबून घोट घोट पेट्रोल भरत गेलो तर गाडी खरोखरच अडेना. पद्मनाभन आठवडाभर छाती काढून फिरले. मग मॅनेजरनी हे लाड बंद केले. बरोबरच होतं म्हणा. ज्या कचेरीत अग्रलेख शिळा चालतो, तिथं गाडीनंच ताजं का मागावं?

* * *

मॅनेजर टी. नगरला राहत. रोज सकाळी गाडी त्यांना आणायला जाई आणि बैलगाडीच्या चालीनं घेऊन येई, कारण जोरात नेलं की त्यांना मळमळायचं. त्या प्रवासात गाडी कधीच अडली नाही. तेव्हा त्यांचंही निदान झालं. "गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हरचा पाय गेलाय. म्हाताऱ्याचा पाय पेडलवर थरथरतो."

मी त्यांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. म्हटलं, "गाडी जोरात असताना तुम्ही तिच्यात बसूनच पाहिलेलं नाही. दोष इंजिनात आहे."

"तुम्ही बी. एस्‌सी. आहात ना? मग सांगा, इंजिनात काय बिघडलंय?"

मी टेबलावरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रामोजीरावांना कचेरीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत स्टुलावर बसवलं. चप्पल काढायला लावली आणि उजवा पाय सरळ पुढं धरायला सांगितला. ज्या माणसानं त्या पायावर आयुष्य काढलं, त्याचा पाय असा चारचौघांत उघडा धरला. कंपॉझिटर खिडक्यांतून बघत होते. कुणाचाही थरथरला असता. त्यांचाही थरथरला.

"बघा," मॅनेजर म्हणाले.

महिनाअखेर रामोजीराव घरी बसले. पाय गेलेल्या ड्रायव्हरला मद्रासेत दुसरं कोण ठेवणार? त्यांच्या जागी मॅनेजरच्या मेव्हण्याचा माणूस आला. नाव सेल्वम, तिशीतला, भरदार. पहिल्याच सकाळी युनिफॉर्म घालून हजर. रामोजीरावांहून वीतभर उंच माणूस, पण युनिफॉर्म त्याच्या मापाचा शिवून तयार होता.

* * *

आणि गाडी पळू लागली. कुठंही नेली, कितीही दामटली, तरी एक आचका नाही. मॅनेजर व्हरांड्यात दिसेल त्याला थांबवून एकच शब्द म्हणत, "पाय." पद्मनाभनसुद्धा मान हलवून म्हणाले, "पायच असावा."

मीही गोंधळलो. मग एके दिवशी पेट्रोल पंपावर सेल्वमनं टाकीचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. तो स्वच्छतेचा भोक्ता. आल्या दिवशी त्यानं गाडी ब्रशनं घासून जुनं गंध खरवडून काढलं होतं. झाकण पितळी, लखलखीत, आणि मध्यभागी एक बारीक भोक. ते भोक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दिसणार कसं? वर दर शुक्रवारचं चंदन वाळून दगड झालेलं असायचं.

घरात तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. हवा आत जायला दुसरं पाडावं लागतं. टाकीत हवा जायची वाट बंद झाली, की पेट्रोल पुढं सरकत नाही. झाकण उघडून पेट्रोल भरलं की हवाही आत जाणार, आणि काही वेळ गाडी चालणार. हळू नेली तर पेट्रोल लागतंच कमी, झिरपेल तेवढी हवा पुरते. पंपावर उभ्या उभ्या मला सगळं कळलं. माझी बी. एस्‌सी. कामाला आली, पण ड्रायव्हर गेल्यावर.

* * *

मी तडक मैलापूरला गेलो. रामोजीराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय धोतराखाली घेतलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाय धोतराबाहेर काढून समोर सरळ धरला.

"म्हणजे पाय चांगला आहे," ते म्हणाले.

"पाय उत्तम आहे, रामोजीराव. उद्या सकाळी मॅनेजरच्या टेबलावर ते झाकण आपटतो. त्या अंगणातच तुमची माफी मागायला लावतो त्याला."

"नको, सार."

"का नको?"

"आज लोक म्हणतात, रामोजीचा पाय गेला. उद्यां म्हणतील, देवाचें गंध लागोन गाडी बिघडली. पाय माझा आहे, सार. त्यास काय म्हणायचें तें म्हणोत. गंध माझें नव्हे."

जन्मभर मी लोकांची गुपितं छापत आलो. हे एक खिशात घालून बसनं परतलो.

* * *

आयुधपूजा आली. त्या दिवशी मद्रासेत प्रत्येक कचेरी आपल्या यंत्रांची पूजा करते. आमच्याकडे टाइपरायटर, छापखान्याची यंत्रं आणि गाडी. मॅनेजरना जुन्या रीतीची मोठी आस्था. गाडीची पूजा जुन्याच हातानं व्हायला हवी म्हणून त्यांनी गाडी पाठवून रामोजीरावांना आणवलं.

ते कांजी केलेलं पांढरं धोतर नेसून आले. अंगणात सगळे जमले. स्टूल होतं तिथंच गाडी उभी होती. त्यांनी बॉनेटला गंध लावलं, स्टिअरिंगला लावलं, चारी चाकांना लावलं. मग वाटी खाली ठेवली आणि पंचानं हात पुसू लागले.

"मागं राहिलं," मॅनेजर म्हणाले.

"तिथें नको, सार."

"का? दर शुक्रवारी लावत होतात. नोकरी सुटली म्हणून देवालाही हात आखडता?"

लोक हसले. मॅनेजरच्या शेजारी उभा असलेला सेल्वमही हसला.

रामोजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगतां म्हणोन लावितों," ते म्हणाले. त्यांनी वाटी उचलली आणि होतं नव्हतं तेवढं चंदन तीन बोटांनी निपटून झाकणावर थापलं. कडा दाबून बसवल्या. मधोमध कुंकू लावलं. मॅनेजरनी डोळे मिटून हात जोडले.

प्रसाद घेऊन रामोजीराव फाटकाकडे निघाले. जाता जाता सेल्वमपाशी थांबले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, धाकट्या भावाला सांगावं तसं तमिळमध्ये हळूच म्हणाले,

"तंबी, उद्यापासून पायाला जप."