घडीच्या खुर्चीतले प्रभारी

येण्याआधीच जाण्याचं ठरवून घेणारा माणूस साऱ्या सौंसर तालुक्यात एकच, आणि तो माझ्या साडूचा थोरला भाऊ, आमचे दादा. दादांची सारी नोकरी प्रभारी मुख्याध्यापक म्हणूनच गेली. स्वतःच्या लग्नातही ते नवरदेवाच्या खुर्चीवर अर्धेच बसले असतील, अशी माझी पक्की खात्री आहे.

आमच्या मूकबधिर मुलींच्या वसतिगृहाच्या संचालिकाबाई आजारपणामुळे नागपूरला मुलाकडे गेल्या आणि संस्थेचा धीरच सुटला. नवा संचालक मिळेपर्यंत कुणीतरी हवं, म्हणून समितीतर्फे मी मोहगावला दादांकडे गेलो. मुलाखत मी घेणार होतो, घेतली त्यांनी. "पक्का मानूस खरंच पाहून राहिले का तुमी, का मलेच चिपकवून देता? मले काढाचं पहिले ठरवा, मंग ठेवा." नवा संचालक येईल त्याच दिवशी त्यांना मोकळं करायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी स्वारी काखेत स्वतःची घडीची लोखंडी खुर्ची घेऊन बसमधून उतरली. बाईंच्या खुर्चीवर ते कधीच बसले नाहीत. म्हणत, "ते येनाऱ्याची आहे." नवं काही ठरवायचं नाही, हा त्यांचा धर्म. भिंतींना रंग कोणता द्यायचा विचारलं, तर "पक्का येईन तो पाहीन." गळका नळ मात्र त्यांना क्षणभर पाहवत नसे. मला या माणसाचा मनस्वी संताप येई.

त्यात बाई नसल्याचं कळून पालक मुलींना न्यायला येऊ लागले. नेलेली मुलगी परत येत नाही, हा आमचा अनुभव. मुलीच उरल्या नाहीत, तर नवा संचालक येऊन करणार काय? दादांनी खुर्ची फाटकातच मांडली. तिगावचे एक वडील तणतणत आले. "बाईच नाही, तं पोरीले कोनाच्या भरवशावर ठेवू? तुमी कोन?"

"मी? चार दिवसाचा पाव्हना," दादा म्हणाले. मी कपाळावर हात मारला. "न्या ना बापा पोरीले. पन जेवाले बसली आहे ते. तुमीबी बसा."

पंगतीत ती मुलगी मैत्रिणींशी हातांनी भरभर बोलत होती, पोट धरून हसत होती. घरी तिच्याशी असं बोलणारं कुणीच नव्हतं. वडिलांचा घास हातातच राहिला. ते एकटेच परतले. मग दादा येईल त्या पालकाला आधी जेवायला बसवू लागले.

मुलींनी दादांना खुणेचं नावही ठेवलं: दोन तळवे उघडून पटकन मिटायचे. म्हणजे घडीची खुर्ची.

नव्या बाई रुजू झाल्या, त्याच संध्याकाळी दादांनी खुर्ची मिटली. "दोन दिवस राहा की," मी म्हणालो. "प्रभारीनं हाराची वाट पाहू नये," म्हणत ते बसमध्ये चढले. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

नव्या बाई चांगल्या आहेत, वसतिगृह भरलेलं आहे. पण मी फाटकातून शिरलो, की तिगावची ती मुलगी माझ्यामागे कुणी आहे का पाहते, मग दोन तळवे उघडते आणि तसेच उघडे ठेवते. परवा मोहगावला जाऊन मी दादांना ते करून दाखवलं. त्यांनीही तसेच तळवे उघडून पाहिले, मिटले नाहीत. मग हळूच म्हणाले, "येतो म्हना. आता खुर्ची आनत नाही, तिथलीच द्याल."