चेकर नंबर सात

केसरबाईच्या हाताला एक खोड होती. समोर कापड आलं की तो त्यावरून फिरायचाच. कुणी आहेराचं लुगडं दिलं, तर ती आधी त्याचा काठ चाचपायची आणि मग 'कशाला एवढं' म्हणायची. तिच्या लेकीला, बुद्धप्रियाला, बघायला पाहुणे आले होते, तेव्हा चहाचा कप पुढं करता करता तिनं मुलाच्या सदऱ्याची शिवण तपासून घेतली होती. पुढं ते स्थळ मोडलं ते वेगळ्या कारणानं, पण केसरबाई अजून शिवणीलाच बोल लावते.

एकवीस वर्षं ती सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या 'स्नेहबंध टॉवेल्स'मध्ये चेकिंग खात्यात होती. सकाळी कुंभारीहून भरलेल्या रिक्षात कोंबून घेऊन यायचं आणि दिवसभर टेबलाशी उभं राहायचं. टॉवेल पसरायचा, तळवा फिरवायचा, उलटायचा, परत फिरवायचा. तुटका धागा, सुटलेला फासा, तेलाचा डाग, जिथं जे सापडेल तिथं लाल स्टिकर. माल चोख असेल तर गठ्ठ्यात आपली चिठ्ठी ठेवायची: चेकर नंबर सात. ती चिठ्ठी मालाबरोबर थेट अमेरिकेला जायची, आणि खोट निघाली तर चिठ्ठीवरून बाई सापडायची. एवढ्या वर्षांत सात नंबर एकदाच सापडली, आणि तेव्हा तिच्या अंगात ताप होता. त्या अपमानानं ती आठ दिवस जेवली नाही. हे तीच सांगते, त्यामुळं चार धरायला हरकत नाही.

स्नेहबंधमध्ये कामगार नव्हते. तसं फाटकावरच रंगवलेलं होतं: 'इथे कामगार नाहीत, कुटुंब आहे.' मालक सोमेशशेठ हे कुटुंबप्रमुख. दिवाळीला कुटुंबातल्या प्रत्येकाला एक टॉवेल मिळायचा, तो सेकंडचा. केसरबाईनं स्वतः बाजूला काढलेला टॉवेल फिरून तिच्याच पदरात पडायचा, आणि वर शेठच्या पाया पडावं लागायचं.

मग अमेरिकेनं कर वाढवला, ऑर्डरी आटल्या, निम्मे माग बंद झाले आणि कुटुंबप्रमुखांना साक्षात्कार झाला की घरात खाणारी तोंडं फार झालीत. त्यांनी पुण्याहून कुमारसाहेब नावाचा एक गोड बोलणारा मॅनेजर आणला. कुमारसाहेब मंदीला 'आव्हान' म्हणत आणि माणूस काढण्याला 'नवा प्रवास'. एरवी 'ए सात नंबर' अशी हाक मारणारा हा गृहस्थ एका सोमवारी टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "मावशी, तब्येत कशी आहे?" केसरबाई हातातला टॉवेल तसाच टाकून पॅकिंगकडं गेली.

"येडू," ती पॅकिंगमधल्या येडूला म्हणाली, "साहेबानं माजी तब्येत इचारली रं."

"माजीबी इचारली की," येडू म्हणाला. "वर घरला मेंढरं किती हायत त्येबी इचारलं. म्हंजे पगार बंद झाला तर ह्यो कशावर जगंल, त्याचा हिशेब."

यादी निघाली. एक्केचाळीस नावं होती. पण पेच वेगळाच होता. मुंबईहून माल उचलणाऱ्या खरेदीदाराची अट होती, की जबरदस्तीनं माणसं काढणाऱ्या कंपनीला पुढची ऑर्डर नाही. आता माणसं काढायची, पण काढली असं दिसता कामा नये. सोमेशशेठनी डोकं लढवलं आणि कारखान्याच्या आवारात 'स्वेच्छा सन्मान सोहळा' ठरवला. फेटा, शाल, नारळ आणि एका कागदावर सही. नोकरीवरून नारळ देणं सोलापूरला नवं नाही, पण फेटा बांधून, फोटो काढून, शेंडीसकट नारळ देणारी ही पहिलीच कंपनी असावी.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी कुमारसाहेबांनी केसरबाईला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. पहिली सही तुमची झाली की बाकीचे निमूट करतील. तुमच्या मुलीचं बी.कॉम. झालंय ना? तिचं आपण ऑफिसात बघू."

हे ऐकून केसरबाई हरखली, खोटं कशाला बोलायचं. बुद्धप्रिया शुक्रवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून पाय दुखवून घेत होती. घरी येताना केसरबाईनं तिला मनातल्या मनात पंख्याखाली बसवूनसुद्धा टाकलं.

बुद्धप्रियानं सगळं ऐकून घेतलं. "आई, आपणहून सोडलं असं लिहून दिलं, की उद्या दाद मागायला जागा राहत न्हाय. आणि मला नोकरी देतील ते तोंडी. कागदावर काय हाय ते वाच, मग ठरव."

वाचायचं म्हणजे केसरबाईला वेळ लागायचा. ती अक्षरं शिकली पस्तिसाव्या वर्षी, लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून. बोट ठेवून, एकेक शब्द चाचपत वाचायची.

सोहळ्याला मांडव घातला होता. पुढच्या खुर्चीत मुंबईचा खरेदीदार बसला होता, त्याच्याशेजारी सोमेशशेठ हसरा चेहरा करून. पहिलं नाव केसरबाईचं पुकारलं. तिला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली. हात सवयीनं शालीवर गेला आणि पोत कळून परत आला. मग कुमारसाहेबांनी कागद आणि पेन पुढं केलं. "मावशी, इथे फक्त सही."

केसरबाईनं कागद टेबलावर पसरला, त्यावरून तळवा फिरवला, उलटा करून पाहिला, सुलटा केला आणि बोट ठेवून वाचायला लागली. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून अवघडला. 'मी कौटुंबिक कारणास्तव, स्वेच्छेने व आनंदाने राजीनामा देत आहे.' ती दोनदा वाचून थांबली. मग कमरेच्या पिशवीतून लाल स्टिकरची पट्टी काढली आणि एक स्टिकर 'स्वेच्छेने'वर चिकटवला. जरा विचार करून दुसरा 'आनंदाने'वर.

"हितं दोष हाय, साहेब. दुरुस्त करून आणा."

कुमारसाहेब हसत हसत दातांतून बोलले. "माणसं कमी करणं हा मॅनेजमेंटचा हक्क आहे, मावशी."

"हाय की. काढा. म्या कुटं आडवी आले? पर माज्या मनात काय हाय त्ये सांगायचा हक माजा हाय. त्यो तुमी परस्पर कसा वापरला?"

"आणि मुलीचं काय? विसरलात?"

केसरबाईला ते लागलं. पंख्याखालची ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढं येऊन गेली. क्षणभर तिनं पेनाकडं पाहिलंसुद्धा.

"तिनंच वाचाय शिकीवलं मला," ती म्हणाली, आणि पेन परत दिलं.

तेवढ्यात तिरपा फेटा सावरत येडू मंचावर चढला. "मावशी, माजाबी तपासा की." त्याच्या कागदावर दोन स्टिकर लागले. मग चेकिंगच्या बायका उठल्या, मग मागावरचे गडी. रांग लागली आणि केसरबाई एकेक कागद तळव्याखालून काढू लागली.

मुंबईच्या माणसाला मराठी भाषणं कळत नव्हती, पण लाल स्टिकर कळत होते. वीस वर्षं तोही असेच स्टिकर लावून माल परत पाठवत आला होता. तो उठून टेबलाशी आला. "पूरा लॉट?" त्यानं विचारलं.

"व्हय. समद्यात एकच दोष."

त्यानं एक कागद उचलला, घडी करून खिशात घातला आणि सोमेशशेठकडं नुसतं पाहिलं. शेठचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त हसू उतरलं.

पंधरा दिवसांनी नवी पत्रं आली. या वेळी फेटा नाही, शाल नाही, नारळही नाही. फाटकाच्या खिडकीतून वाटली. 'कामाअभावी आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे. कायद्याप्रमाणे देय रक्कम सोबत.' बुद्धप्रियाच्या नोकरीचं अर्थातच कुणी बोललं नाही. खरेदीदारानं ऑर्डर दिली; कायद्याप्रमाणे रक्कम दिली की त्याच्या हिशेबी ती जबरदस्ती नव्हती, त्याला कागद खरा हवा होता, माणसं नव्हे. फाटकावरचं कुटुंब तसंच राहिलं, उलट दिवाळीच्या आत त्याला नवा रंग लागला.

केसरबाईनं आपलं पत्र वॉचमनच्या टेबलावर पसरलं. तळवा फिरवला, बोट ठेवून वाचलं, उलटून पाहिलं. कुठं काही सापडेना. तिला वाटत होतं, सापडावं. डोळे भरून आल्यामुळं तिनं पुन्हा वाचलं, तरीही नाही.

"आवरा की मावशी," खिडकीतला क्लार्क म्हणाला.

तिनं कंपनीच्या प्रतीवर सही केली. मग कागदाची घडी घातली, पिशवीत उरलेली एक चिठ्ठी काढून त्या घडीत नीट ठेवली आणि कागद आत सरकवला.

क्लार्कनं घडी उघडली. चेकर नंबर सात.

"हे कशाला?"

"माल चोख हाय," केसरबाई म्हणाली, आणि कुंभारीची रिक्षा बघायला रस्त्यावर आली.