मावशींची आणेवारी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. दवाखान्यातल्या पाहणीच्या कामावर घेताना तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिली अट हीच घातली होती, की पेशंटवर चिडायचं नाही. मी मान डोलावली. करमाडला आमच्या रानातली मोसंबीची झाडं त्या वर्षी पाण्यावाचून वाळून सरपणाला गेली होती, आणि घरातलं कुणीतरी शहरात कमावणं भाग होतं. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो.

काम ऐकायला सोपं होतं. ज्यांना शुगर आहे, वर बीपी आहे, वर हृदयाचं किंवा किडनीचं काही आहे, अशा माणसांना गाठायचं आणि विचारायचं, आजाराचं राहू द्या, उपचाराचं ओझं किती होतं? गोळ्या, सुया, पथ्य, तपासण्या, रांगा, जाणं-येणं, एकेका गोष्टीला शून्य ते दहा आकडा द्यायचा. काहीच त्रास नाही तर शून्य, अगदी असह्य असेल तर दहा. मी हे घरी सांगितलं तर दादा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता हसले. म्हणाले, आजारानं माणूस मरतंय आन् तुम्ही औषधाचा ताप मोजताय. मलाही मनातून तसंच वाटत होतं. औषध मिळतंय हेच नशीब, त्याचं कसलं आलंय ओझं!

पहिल्याच आठवड्यात माझा सूर बदलला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून माणसांना दिवसभर ऐकलं की कळतं, आजार एकदा येऊन बसतो, पण उपचार रोज उठून नव्यानं करावा लागतो. शुगरची ओपीडी एका वारी, हृदयाची दुसऱ्या, डोळ्यांची तिसऱ्या. एक डॉक्टर म्हणतो पाणी भरपूर प्या, दुसरा म्हणतो बेतानं प्या. एक गोळी उपाशीपोटी, एक जेवणाआधी, एक जेवणानंतर, आणि जेवणच दोन वेळचं नसेल तर काय करायचं ते कुणीच सांगत नाही. एका रिक्षावाल्या भाऊंनी मला सांगितलं, ताई, भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झालीये. त्यांनी आकडा दिला नऊ.

मावशी मला तिथंच भेटल्या. धनगराच्या घरातल्या. आयुष्य पिशोरच्या बाजूला मेंढरांमागं गेलेलं. नवरा वारल्यावर मुलानं त्यांना शहरात, मुकुंदवाडीत आणलं होतं. मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर. मावशींना शुगर, बीपी, हृदय कमजोर, पायांवर सूज, गुडघे गेलेले. उंच, सावळ्या, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय. मला पोरी म्हणायच्या.

त्या कशा यायच्या ते सांगते. सकाळी सुई टोचून घ्यायच्या, स्वतःच्या हातानं. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली त्या एका छोट्या मडक्यात ठेवायच्या आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळायच्या. त्या उन्हाळ्यात मुकुंदवाडीत टँकर कधी यायचा आणि कधी नाही याचा नेम नव्हता. आला की निळ्या ड्रमभोवती हाणामारी. सूनबाई लेकरांच्या प्यायच्या पाण्याला झाकण लावून ठेवायची, पण मावशी त्यातलं ओंजळभर पाणी आधी त्या फडक्याला द्यायच्या. मग सहा सीटर रिक्षात दाटीवाटीनं बसून जालना रोडनं दवाखान्यात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लॅटच्या इमारती वर चढत होत्या, बोर्डावर कारंज्याची चित्रं असायची, आणि मावशी त्या चित्रांकडे बघून दर खेपेला म्हणायच्या, इथं राहायला जाऊ गं आपण, आंघोळ तरी व्हईल.

अशा बाईला मी उपचाराचं ओझं विचारलं. एकेक प्रश्न फोड करून सांगितला. सुईचा त्रास किती? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, दोन. पथ्याचा? दोन. येण्याजाण्याचा? दीड.

माझं डोकंच फिरलं. समोर दिसत होतं की बाईच्या नाकी नऊ आलेत, आणि ही म्हणते दीड! मी अट विसरून चढ्या आवाजात म्हटलं, मावशी, नीट विचार करून सांगा. त्या शांतपणे म्हणाल्या, केला विचार. दोनच.

आणि त्या एकट्याच नव्हत्या. शहरातली, शिकलेली, कमी वयाची माणसं आठ आणि नऊ सांगायची. पिशोर, अजिंठा, कन्नडकडची म्हातारी माणसं एक, दोन, फार तर तीन. माझ्याबरोबर पाहणी करणाऱ्यांतला एकजण म्हणाला, खेड्यातली माणसं काटक असतात, त्यांना ओझ्याचं काही वाटत नाही. डॉक्टरबाईंना ते पटेना. पण आकडा तो आकडा. ज्यांचं ओझं सगळ्यात जास्त अशा थोड्या माणसांना आधी मोकळं करायचं ठरलेलं होतं. त्यांच्या सगळ्या तपासण्या एकाच दिवशी आणायच्या, नको त्या गोळ्या काढायच्या, उरलेल्यांच्या वेळा माणसाच्या दिवसाला जुळवायच्या. जागा मोजक्या होत्या. मावशींचं नाव त्यात येणं शक्यच नव्हतं.

याच सुमारास मावशींनी मला हळूच सांगितलं, की पाडवा झाला की त्या भावाकडे पिशोरला जाणार, मेंढरांत राहणार आणि हे सगळं बंद करणार. सुया नाय, गोळ्या नाय. जेवढं जगायचं तेवढं उघड्यावर जगायचं. त्या हसून बोलत होत्या, पण मी तडक उठले. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. औषधं बंद केली तर हृदय दमेल, उन्हाळा निघणार नाही, म्हणाल्या. मी रविवार गाठून मुकुंदवाडीत गेले, मावशींना समजावायला. गरज पडली तर भांडायला.

सकाळची वेळ. मावशी उंबऱ्यात पाय लांब करून बसलेल्या. आत त्यांचा भाऊ आलेला, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर घोंगडी. मी गेल्या गेल्या सुरू केलं. औषध बंद केलं तर असं होईल आणि तसं होईल. मावशी ऐकत होत्या, भाऊ ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले तसा भाऊ विषय बदलावा म्हणून गावाकडचं सांगायला लागला. साहेब लोक पाहणीला येऊन गेले, रानं बघितली, गावाची आणेवारी चार आणे निघाली.

आमच्याकडे आणेवारी कुणाला सांगावी लागत नाही. सोळा आणे म्हणजे शिवारात मावणार नाही इतकं पीक. आठच्या खाली गेलं की दुष्काळ. कागदावर आता पैसेवारी लिहितात, पण जुनी माणसं अजून आण्यातच बोलतात. आणि गंमत अशी, की पीक गेलेल्या गावाला आपली आणेवारी कमी लागावी असंच वाटतं. कमी लागली तर टँकर येतो, चारा येतो, कुणीतरी दखल घेतं. जास्त लागली तर दुष्काळात तेरावा महिना.

भावाचं बोलणं संपलं आणि मावशी अगदी सहज बोलल्या.

"गावाची चार तरी निघाली. माझी या पोरीनं विचारली तवा म्या दोन सांगितली. तरी कुणी आलं नाय बघ."

मला आधी काहीच कळलं नाही. मग एकदम शंका आली. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि विचारलं, मावशी, दोन म्हणजे किती? त्यांना माझाच अचंबा वाटला. शेतकऱ्याची पोर असून एवढं कळू नये?

"दोन आणे उरलेय मी. बाकीची या औषधपाण्यात गेली."

त्या बाईनं माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना स्वतःकडे शिवारासारखं पाहिलं होतं. हातात पॅड घेऊन परका माणूस येतो, चार गोष्टी विचारतो, आकडा मांडून जातो, ही रीत त्यांनी जन्मभर पाहिलेली. कमी आकडा लागला की मदत येते, हेही पाहिलेलं. त्यांनी सुईपायी गेलेला दिवस बघितला, पथ्यापायी गेलेली भाकरी बघितली, रांगेत गेलेली सकाळ बघितली, आणि खरोखर काय शिल्लक आहे ते सांगितलं. वर मदतीची वाट बघत बसल्या. आम्ही मात्र आमच्याकडे मांडत होतो, की या बाईला काही त्रास नाही.

सोमवारी मी धावतच डॉक्टरबाईंकडे गेले. धाप लागली होती, नीट बोलताही येईना. ऐकून त्या खुर्चीतून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आपला प्रश्न डोक्यावर किती ओझं चढवलंय हा होता ना? मावशींनी किती उरलंय याचं उत्तर दिलं, आणि तोच प्रश्न खरा आहे. मग आम्ही म्हाताऱ्या माणसांकडे पुन्हा गेलो. या वेळी मी सरळ विचारायचे, या औषधपाण्यानं तुमच्यातलं किती ठेवलंय? कुणी पदरानं डोळे पुसायचं, कुणी खो खो हसायचं. एक आजोबा म्हणाले, आणेवारी काढताय व्हय, मग पंचनामा बी करा. ज्यांना आम्ही काटक समजत होतो ती माणसं कशाच्या बळावर उभी आहेत याचं मला नवल वाटत राहायचं. अजूनही वाटतं. देवळात गेल्यावर वाटावं तसं वाटायचं मला त्या व्हरांड्यात, आणि मी काही फार देवभोळी नाही.

मावशींना जागा मिळाली. डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवून विचारलं, यातलं काय काढून घेऊ? मला वाटलं सुई म्हणतील. त्या खाली बघून म्हणाल्या, सकाळची लघवीची गोळी. हृदयासाठी, सुजेसाठी ती गोळी होती. ती घेतली की घडीघडीला जावं लागायचं. वस्तीत संडास सामाईक, त्याला पाणी नाही. रिक्षात तर सोयच नाही. त्या गोळीपायी मावशींनी कुठंही जाणं सोडलं होतं. लग्न नाही, बारसं नाही, भावाचं गाव नाही. दवाखान्यात यायच्या दिवशी त्या गोळी चुकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजायचे. हे इतक्या डॉक्टरांपैकी कुणाला सांगितलं नाही, कारण पुरुष डॉक्टरला कसं सांगायचं.

डॉक्टरबाईंनी ती गोळी काढली नाही, तिची वेळ बदलली. घरी परतल्यावर दुपारी घ्या, म्हणाल्या. सुजेवर मी लक्ष ठेवते. बाकीच्या दोन गोळ्या मात्र काढल्या, आणि सगळ्या तपासण्या एका दिवशी आणल्या. मावशींना विश्वासच बसेना. एवढंच? एवढंच, डॉक्टरबाई म्हणाल्या, हे आधी विचारायला हवं होतं.

पाडवा झाला आणि ठरल्या दिवशी मावशी आल्या नाहीत. मी फाटकापर्यंत चकरा मारल्या. दुपारी मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई पिशोरला गेली. बाईनं शेवटी मनातलंच केलं. संतापही आला, रडूही आलं. एवढं सगळं करून हिनं पाठ फिरवली, असं मी डॉक्टरबाईंना म्हटलं. त्यांच्या टेबलावर मावशींचा केसपेपर तसाच पडून होता.

पुढच्या आठवड्यात मी व्हरांड्यात एका बाईंना प्रश्न विचारत होते, तेव्हा फाटकातून मावशी येताना दिसल्या. एसटीतून उतरून थेट आलेल्या, लुगडं धुळीनं भरलेलं. पायांची सूज बऱ्यापैकी उतरलेली. गोळ्या, सुया, सगळं बरोबर नेलं होतं आणि वेळेवर घेतलं होतं, हे त्यांनी मी तोंड उघडायच्या आतच सांगितलं, कारण माझा चेहरा त्यांना दिसला होता. त्यांनी एका हातानं भावाचं मनगट धरलं होतं. घोंगडीवाला तो उंच माणूस मागं मागं सरत होता.

गावी राहिल्यावर त्यांनी बघितलं होतं, की भावाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि तो खंगत चाललाय. भावाला शुगर आहे हे त्याला कधीचं माहीत होतं. पण बहिणीचे हाल बघून त्यानं ठरवलं होतं, की मेलो तरी चालेल, त्या वाटेला जायचं नाही. म्हणून त्या आठ दिवस तिथं राहिल्या. त्याच्यासमोर रोज सुई टोचून घेतली, त्याच्यासमोर जेवल्या, त्याच्याबरोबर मेंढरांमागं थोडं चालल्यासुद्धा. आणि मग त्याला एसटीत बसवलं.

तो दारातच अडला. आत यायला तयार होईना. म्हणाला, मला नाय झेपायचं गं, लई ओझं हाय ते. मी काहीतरी धीराचं बोलायला पुढं झाले. मावशींनी मला हातानंच थांबवलं आणि त्याच्याकडे रोखून बघितलं.

"हाय की ओझं. नाय कोण म्हनतंय? पर कसं उचलायचं ते आता मला ठावं हाय. मी दाखवते, चल."

तो आत आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि डॉक्टरबाईंना बोलवायला गेले.