खळ्यावरची लेझीम

माझी शाळेतली मैत्रीण गेल्या महिन्यात वसमतला वारली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. तिथून परतल्यापासून हातातलं पुस्तक त्याच पानावर उघडं आहे. म्हणून हे लिहायला बसले. लिहून काही हलकं होईल असं वाटत नाही.

मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या गावच्या शाळेत मुलींचं लेझीम पथक निघालं. सोळा मुली, आणि सगळ्यांच्या पुढे ती. तिनं लेझीम उचलली की बाकीच्यांचे हात आपसूक वर जायचे. मी तिच्या मागच्या रांगेत, ओठातल्या ओठात आकडे मोजत असायची.

"तुझं नाचणं म्हंजी उजळणी हाय," ती म्हणायची. "सात साते एकुणपन्नास, अन् पाय चुकलाच."

परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. तिनं परभणी पाहिली नव्हती. वसमतच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. पण एसटीच्या भाड्याला आणि पांढऱ्या कापडाला शाळेकडे पैसे नव्हते. गुरुजींनी वर्गणीचं काम माझ्यावर टाकलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी सदा काहीतरी वाचत असायची. शहाणी पोरगी म्हणून माझं नाव झालं होतं.

मी नवी वही घेतली. ती शेजारी बसली होती. ती म्हणाली, "चावडीपुढं टिकट लावून खेळू की." मी ते पहिल्या पानावर लिहिलं आणि खोडलं. गावात रोख पैसा कोणाकडे होता? सुगीचे दिवस होते. ज्वारीची रास पडली की खळ्यावर आलेल्या माणसाला कोणी रिकामं पाठवत नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक खळ्यावर जाऊन लेझीम खेळायची, सूपभर ज्वारी घ्यायची आणि बाजारात विकायची. गुरुजींना हे फार आवडलं. मी खळ्यांची यादी करत होते तेव्हा ती गप्प झाली. तिला ऊन लागलं असेल, असं मला वाटलं.

यादीत पहिलं खळं माझ्या चुलत्यांचं होतं. तिथं नाही म्हणणार नाहीत, हा माझा हिशोब.

आम्ही खेळलो, चुलते खूश झाले. ती पुढे होती म्हणून पोत्याचं तोंड तिनंच धरलं होतं. चुलत्यांनी राशीतली ज्वारी सुपात घेऊन पोत्यात ओतली. मग खाली वाकून त्यांनी राशीच्या तळाला मातीत मिसळलेली ज्वारी हातांनी गोळा केली. तिला आमच्याकडे मातेरं म्हणतात.

"अन् हे तुझं, पोरी," ते हसत म्हणाले. "तुझा आजा दरसाल न्यायचा. तू काहून सोडतीस?"

मुली हसल्या. मीही हसले. तिनं पोत्याचं तोंड तसंच उघडं धरून ठेवलं आणि मातेरं आत पडलं. दुपारी शाळेच्या ओट्यावर आम्ही ती सगळी ज्वारी पाखडली. ती पाखडायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं, "तू काहून हसलीस?"

"सगळ्याच हसल्या," मी म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. ते वारंगा फाट्याकडे सडकेच्या कामावर होते. पायांवर अजून डांबर होतं. गुरुजींनी खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. हातात तिची लेझीम होती.

"गुरुजी, आमच्या वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवशी माझ्या बापानं खळ्याची वाट सोडली," ते म्हणाले. "दुष्काळात आमी खडी फोडली, पर मातेरं आणाया गेलो न्हाई. तिचं भाडं मी देतो, कापडबी घेतो. खळ्यावर ती येणार न्हाई."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "तुमचं बराबर आहे. पण बाकीच्या पोरी उन्हात फिरणार आणि ही नुसती गाडीत बसणार, त्यांचे आईबाप मलाच विचारतील ना?" मग ते माझ्याकडे वळले. "काय गं, दुसरं काही सुचतं का?"

वही माझ्या मांडीवर होती. खोडलेली ओळ पहिल्याच पानावर होती आणि नीट वाचता येत होती. पण ती वाचली तर माझी योजना चुकली असं झालं असतं, आणि चुलत्यांच्या खळ्यावर काय घडलं तेही सांगावं लागलं असतं. शिवाय तिच्या त्या प्रश्नाचा राग माझ्या मनात होता. राग यायचं माझं काय कारण होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"न्हाई, गुरुजी," मी म्हणाले.

तिच्या वडिलांनी लेझीम टेबलावर ठेवली. ठेवताना तिच्या चकत्या वाजल्या. त्यांनी तळहात ठेवून त्या शांत केल्या आणि ते गेले.

आम्ही परभणीला गेलो. आकडे पाठ होते म्हणून गुरुजींनी तिच्या जागी मला पुढे उभं केलं. तिसऱ्या फेरीत ताल मोडला, आम्ही हरलो. माझ्या अंगावर ज्वारीच्या पैशाचं पांढरं पोलकं होतं.

पुढे ती शिकली, नर्स झाली. आम्ही अधूनमधून भेटत होतो. लेकरांविषयी, बदल्यांविषयी बोललो. त्या खळ्याविषयी एकदाही नाही. प्रत्येक भेटीत मी ठरवून जायची आणि बसस्टँडवर तिला निरोप देऊन तशीच परत यायची.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर तिची मुलगी चहा घेऊन माझ्याकडे आली. आईचेच डोळे.

"मावशी, तुम्ही आईच्या लेझीम पथकात होत्या ना? आई सांगायची, तुम्ही सगळ्या परभणीला गेला होतात. आई सगळ्यात पुढं होती."

कप माझ्या हातात होता. ती उत्तराची वाट पाहत होती.

"व्हय," मी म्हणाले. "तीच पुढं होती. मी तिच्या मागं होते."