वाऱ्याला भिणारा माणूस

वाऱ्याला इतका भिणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल, हे मी आमच्या साडूंकडे बघून छातीठोकपणे सांगतो. यावलकडे त्यांची केळीची बाग. वैशाखात आभाळ काळवंडलं की ते बांधावर उभे राहून पानांकडे असे बघतात, जणू हललं तर दोष पानाचाच. एका वादळात उभी बाग आडवी होते, त्यामुळे ही भीती मला कळायची. पण त्यांच्या लेकीने रिदमिक जिम्नॅस्टिक्स धरलं आणि ती भीती घरात शिरली.

हा खेळ मला त्यांनीच समजावला. चौकोनी मॅटवर, संगीताच्या तालावर मुली उड्या आणि गिरक्या घेतात. हातात कधी चेंडू, कधी मोठी रिंग. लेकीच्या वाट्याला रिबन आली. काठीच्या टोकाला खोलीपेक्षा लांब रेशमी फीत, ती सतत नागमोडी फिरती ठेवायची, मध्येच उंच फेकून झेलायची. गाठ पडली, काठी सुटली, की गुण गेले. "म्हणजे पतंगाची शेपटीच की," मी म्हणालो. साडू पुढचे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रिबनचा खरा वैरी पंखा. त्यांच्याकडे भर मे महिन्यात जेवताना मी सवयीने बटण दाबलं, तर ते ताटावरून ओरडले, "बंद करा भो! पोरगी रिबन फिरवू राह्यली!" उरलेली शेवभाजी मी घाम पुसत संपवली. त्या घामात तिखटाचा वाटा किती आणि उकाड्याचा किती, देव जाणे.

यंदा जळगावला निवड स्पर्धा होती. राज्य स्पर्धेला एकच मुलगी जाणार. साडू सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचून पंख्यांच्या बटणांखाली खुर्ची टाकून बसले. "अहो, माणसं मरतील इथं!" एक बाई कडाडल्या. "अक्का, थोडं सोसा. पोरीचं वर्ष जाईन माझ्या," ते हात जोडून म्हणाले. पण लेकीचं नाव पुकारलं आणि त्यांचं उरलंसुरलं धैर्य गळालं. मला खुर्चीवर बसवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मले बघवत नाही. तुम्ही बघा अन् सांगा."

मी सुरू केलं, "रिबनची चकली झाली... आता पाय कानाजवळ."

"कोणाच्या?"

"तिच्याच हो!"

आणि उत्साहाच्या भरात मी उठलो. खांदा बटणांवर आपटला. वर पंखे करकरले. नेमकी तेव्हाच तिने काठी उंच फेकली होती आणि रिबन तिरकी सरकू लागली. साडूंनी न वळता माझं मनगट धरलं. त्या उकाड्यात त्यांचा हात बर्फासारखा गार होता. दुसऱ्या हाताने मी चाचपडत बटणं बंद केली. पोरीने एक पाऊल जास्तीचं टाकलं.

"झेललं?"

"झेललं."

निवड झाली. आता सरावासाठी पुण्याला राहायचं, असं तिला खेळ शिकवणाऱ्या बाई सांगून गेल्या. पायऱ्यांवर मैत्रिणींच्या घोळक्यात लेक हसत होती आणि साडू तिच्याकडे बघत होते, चेहरा पांढराफटक.

"आता कसली भीती?"

"तिले अंधारात झोप नाही येत. तिथं कोण लाइट चालू ठेवीन?" मग हळूच म्हणाले, "तुमची थोरली पुण्याले गेली, त्या रात्री झोपले होते का तुम्ही?"

"घोरत होतो," मी ठोकून दिलं.

त्यांनी मान हलवली. खरं वाटलं असेल, की माझी दया आली असेल, मला अजून कळलेलं नाही.