फितीची गाठ

बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म असतो. मोठं गंभीर वाक्य आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळा सोसत होते, आणि वाक्याचा रंग ओला होता.

"ए बाई, भिंतीला टेकू नको. आत्ताच लिहिलंय."

कंपाउंडर ओरडला. मी टेकले होते, कारण उभं राहवत नव्हतं. बाजूला सरकले तेव्हा 'दुसरा'मधला 'रा' माझ्या पाठीवर निघून आला होता. कंपाउंडर भिंतीकडे बघून हळहळला. माझ्याकडे बघून नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता. दुष्काळ जुनाच होता. तान्ह्या पोराला दूध लागतं तशी नव्या जिल्ह्याला उद्घाटनं लागतात. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी नवी खोली बांधली होती आणि दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते. डॉक्टर त्याच्याच बैठकीला लातूरला गेलेले. जुन्या खोलीतलं टेबल, दिवा, अवजारं सगळं नव्या खोलीत हलवलेलं. जुनीत फक्त सतरंज्या आणि स्वागताच्या कमानीचे बांबू. नव्या खोलीच्या दारावर लाल रेशमी फीत बांधलेली, मधोमध भलीमोठी गाठ.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. आदल्या दिवसापासून अडले होते. सुईण म्हणाली, "डोकं खाली हाय, पण सरकंना." मग मायनं आमच्याकडची रीत केली. बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची. तिनं शेळीचं दावं सोडलं, पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, ट्रंकेचं कुलूप उघडलं, माझे केस मोकळे केले. मी मॅट्रिक पास. कळांच्या मधल्या वेळात म्हणाले, "माय, दीक्षा घेतली तेव्हा देव सोडले तुम्ही. गाठी तेवढ्या ठेवल्या."

"गप ऱ्हा. गाठीला धर्म नसतो."

शेळी तेवढी मोकळी झाली. मी नाही.

मायची धाकटी बहीण अशीच अडून गेली होती. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. त्या दिवशी माय माझ्याकडे बघायची तेव्हा मी नसून तीच पडलेली आहे, असं बघायची. मला मरणाची भीती कळली ती मायच्या त्या नजरेतून. बैल चारा छावणीत होते, गाडी कशाला जुंपणार? पाण्याचा टँकर गावच्या विहिरीत रिकामा झाला, त्याच्या केबिनीत मला घातलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी पोटावर हात दाबून धरत होते. अर्ध्या वाटेवर पोटातली हालचाल थांबली. मी मायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गोष्ट खरी झाली असती.

आणि आता दारात फीत.

स्वागत समितीचे अध्यक्ष व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. नर्सबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. "दादासाहेब, पोरगी अडलीय. टेबल आत हाय."

दादासाहेबांनी मायला विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

मायनं गावाचं नाव सांगितलं.

"गाव कळलं. गावात कुठं?"

"बौद्धवाड्यात, मालक."

त्यांची नजर फितीकडे गेली. "असं हाय बाई, पहिली ओटी आमच्या सूनबाईची भरायचं ठरलंय. मंत्रीसाहेबांच्या समोर. त्याच्या आधी तुमचा विटाळ कशाला? त्या लिंबाखाली ताडपत्री टाका. बाया शेतात बाळंत होतेत, तुम्हाला काय नवीन हाय का?"

सूनबाईला सातवा महिना होता, हे मला नंतर कळलं.

मायनं जमिनीवर डोकं टेकलं. त्यांच्या पायांवर नाही. पायांपासून बरंच अलीकडे, कारण शिवायचं नव्हतं. "मालक, लेकरू हाय माझं. एकुलतं हाय. उपकार करा." तिचं कपाळ धुळीत, आणि त्यांनी तरीही चप्पल मागे ओढली.

ती मागे सरकलेली चप्पल मी पाहिली. त्या क्षणी मला धैर्य आलं, असं कुणी म्हणू नये. मला एवढी भीती वाटत होती, की तिच्यात दादासाहेबांच्या भीतीला जागाच उरली नव्हती. भिंत धरत, ओली अक्षरं पुसत, मी दारापर्यंत गेले.

"ए, काय करायलीस?" कंपाउंडर ओरडला.

मी फितीची गाठ सोडायला लागले. गाठ आवळून बांधलेली होती. मध्येच कळ आली, तशी कडी धरून खाली बसले, पुन्हा उठले. नखानं सुटेना तेव्हा दातांनी ओढली. मायच्या रीतीवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण घरातल्या सगळ्या गाठी सोडून झाल्या होत्या आणि हीच एक उरली होती.

फीत खाली पडली.

"अगं भवाने, मंत्र्याच्या आधी?" दादासाहेब उठले.

नर्सबाईंनी मला दंडाला धरून आत घेतलं, मागोमाग माय आली. "पडली की आता," त्या त्यांना म्हणाल्या, आणि आतून कडी लावली.

पुढचं मला तुकड्यांतच आठवतं. नव्या रंगाचा वास. छताचा पंखा, त्याला अजून कागद गुंडाळलेला. मायचा आवाज, "सोड बाई, सोड." नर्सबाई माझ्या पोटावर भार देऊन म्हणत होत्या, "आता थांबलीस तर दोघंबी जाताल." कात्रीचा गार स्पर्श. मग सगळं एकदम रिकामं झालं.

आणि शांतता. मूल रडलं नाही.

त्या शांततेत मी बाहेरचा आवाज ऐकला. दादासाहेब कंपाउंडरला सांगत होते, "गाठ मधोमध येऊ दे."

नर्सबाईंनी मूल उलटं धरलं. एक चापट. दुसरी. माय भिंतीकडे तोंड करून उभी. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर आला. "बाई, घंटाभर व्हरांड्यात बसा. साहेब येतेत. फोटोत बरं दिसत न्हाई."

मायनं लगेच मूल उचललं, दुसरा हात माझ्या काखेत घातला. "ऊठ बाई. कशाला वाढवायलीस?" त्याच्याकडे बघून तिनं हात जोडायला घेतले. एका हातात मूल होतं म्हणून जुळले नाहीत.

"माय, हात खाली घे," मी म्हणाले. "मी उठणार न्हाई."

"दादासाहेब चिडतेत," कंपाउंडर म्हणाला.

"चिडू द्या."

मी उठले नाही. त्यानंतरही माझ्या घरातलं कुणी, कुणाच्या फोटोसाठी, आपल्या जागेवरून उठलेलं नाही. माय होती तोवर तिलाही मी पुन्हा जमिनीवर डोकं टेकू दिलं नाही. भीती वाटायची, अजून वाटते. भीती वाटली म्हणून वाकायचं नाही, एवढंच मी त्या टेबलावर शिकले आणि मुलीला तेवढंच शिकवलं.

मंत्री आले. पुन्हा बांधलेली फीत त्यांनी कापली. मला पाहून ते थबकले, मग खूश झाले. लाभार्थी आधीच आणून ठेवल्याबद्दल त्यांनी भाषणात दादासाहेबांचं कौतुक केलं. मग कोपऱ्यातला नळ सोडला. धो धो पाणी आलं, टाळ्या पडल्या. वरच्या टाकीत ते पाणी सकाळीच टँकरनं भरलं होतं.

आमच्या गावाला त्या दिवशी टँकर आला नाही.