चार पाय दिसल्याशिवाय

आबांकडे बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी मिळालेला रीतसर परवाना होता, आणि त्यांच्याइतका नेम आसपासच्या दहा वाड्यांत कुणाचा नाही असं म्हातारी माणसं सांगत. तरीही पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत मी शिक्षक म्हणून नऊ वर्षं काढली, त्यात आबांच्या बंदुकीचा बार मला मोजून चार वेळा ऐकू आला. बाकीच्या वेळी ते नुसते बघत बसायचे. समोरून झुडूप हलायचं, गवत दुभंगायचं, काहीतरी काळं धडधडत निघून जायचं, आणि आबा बंदूक मांडीवर आडवी ठेवून तसेच. कुणी चिडून विचारलं, तर म्हणायचे, "दोनच पाय दिसलं मला. दोन पाय माणसाला बी असतात."

यावरून वाडीत त्यांचं नाव पडलं होतं ‘चारपाय’. पाठीमागेच म्हणायचे, पण आबांना ते ठाऊक होतं. जनावराचे चारही पाय डोळ्यांनी दिसल्याशिवाय त्यांचं बोट चापाकडे जात नसे.

मी मूळचा महाडचा. भाताला लोंबी धरली की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात, हे मी वाडीत गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं. वनखात्याकडे अर्ज जायचे. परवानगीचा कागद आला की एखाद्या रविवारी सकाळी हाका निघायचा. दहाबारा माणसं डबे वाजवत, आरडत खालून वर जायची आणि दोनतीन बंदूकवाले वरच्या कडेला बसायचे. कागद आला नाही तर हाका नाही. त्या वर्षी अर्धं भात गेलं तरी नाही. "आपून राखण करतो, शिकार नाय करत," असं आबा म्हणायचे. पिल्लांची मादी समोरून गेली तर सोडायची, भेकर-ससा-रानकोंबडा यांच्याकडे नळी वळवायची नाही, जनावर पडलं तर आधी वनरक्षकाला कळवायचं.

हाक्याच्या सकाळी देवळासमोर सगळ्यांना उभं करून आबा माणसं मोजायचे. एकेकाच्या छातीला बोट लावून मोजायचे, आणि त्याच वेळी तोंडाचा वासही घ्यायचे. आदल्या रात्रीच्या दारूचा जरी वास आला तरी तो माणूस घरी. काळा, खाकी, तपकिरी सदरा चालायचा नाही. आबांकडे पिवळ्या कापडाचे तुकडे होते, ते प्रत्येकाने डोक्याला बांधायचे. रानात शिरल्यावर खोकायचं नाही, शिट्टी घालायची नाही, जनावराचा आवाज काढून गंमत करायची नाही. "माणूस हाय तर माणसागत बोला," असं ते सांगत. बांधावरचा दगडी गडगा ओलांडायचा तर आधी बंदूक मोडून, म्हणजे नळी बिजागरीतून खाली पाडून, काडतूस खिशात. एकदा मी म्हटलं, "आबा, आता तर रिकामीच आहे ना?" तर म्हणाले, "ती रिकामी हाय हे तुमाला म्हायती. तिला कुठं म्हायती?"

मला हे सगळं जरा अति वाटायचं. खरं सांगतो, हसूही यायचं. ते पुढच्या गोष्टीने थांबलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा रविवार होता. गवत कमरेच्या वर आलेलं आणि अजून कापणी व्हायची होती, म्हणजे हाक्याला सगळ्यात वाईट दिवस. पण कागदाची मुदत संपत आली होती. शनिवारी संध्याकाळी आबांनी घरं वाटून दिली. उद्या सकाळी डोंगराच्या त्या अंगाला कुणी गवताला, लाकडाला जायचं नाही, हे घरोघर जाऊन तोंडावर सांगायचं, असा त्यांचा नेम होता. निरोप चालायचा नाही. वरच्या वाडीतली पाच घरं माझ्याकडे आली. चार घरांना मी सांगितलं. पाचवं घर पारूबाईचं, ओढ्यापलीकडे चढावर. एकटीच राहणारी बाई. मी दिवसभराचा दमलो होतो. शेजारची सांगेल, असं मनाशी म्हटलं आणि परत फिरलो.

सकाळी देवळापाशी चौदा माणसं झाली. तेवढ्यात मोटारसायकलवरून विलास आला. तिशीचा गडी, वाडीतलाच, पण महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. खांद्याला वडिलांची बंदूक. आबांनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"रातपाळी हुती?"

"हो. सुटलो, घरून बंदूक घेतली आन सरळ इकडंच आलो."

"झोपलास कवा?"

"आबा, मला सवय हाय."

"डोळं बग तुझं. आणि परवाना बापाच्या नावाचा हाय, बंदूक तुझ्या हातात कशी? घरी जा, झोप."

सगळ्यांसमोर बोललेलं त्याला लागलं. "तुमी आयुष्यभर पाय मोजत बसा," असं म्हणून त्याने गाडी वळवली. काहीजण हसले. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पुन्हा चौदा माणसं मोजली.

आम्ही वर जाऊन बसलो. मी आबांच्या मागे एका दगडाला पाठ लावून. खालून डबे वाजायला लागले. थोड्याच वेळात मागच्या पायवाटेने विलासचे वडील धापा टाकत आले.

"आबा, विल्या घरात नाय. गाडी हाय. बंदूक नाय."

आबांनी एका क्षणात बंदूक मोडली आणि काडतूस खिशात टाकलं. मग उभे राहून इतक्या मोठ्याने ओरडले की मी दचकलो. "हाका बंद! बसा, झाडाआड बसा! कुणी हलायचं नाय!" खालच्या माणसाने ते पुढच्याला दिलं, त्याने त्याच्या पुढच्याला. डबे थांबले. एवढ्या मोठ्या डोंगरावर एकदम काहीच आवाज उरला नाही. त्या शांततेची मला अजून भीती वाटते. कुठेतरी त्या गवतात एक न झोपलेला, चिडलेला माणूस भरलेली बंदूक घेऊन बसला होता, आणि तो कुठे आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

रिकामी बंदूक आबांनी विलासच्या वडिलांच्या हाती दिली. "हितंच बसा. मास्तर, तुमी चला माझ्यासंगं. उभं चालायचं, वाकायचं नाय. आणि बोलत ऱ्हायचं."

"काय बोलू?"

"काय बी. पाढं म्हणा."

मी खरोखर पाढे म्हणायला लागलो. पुढे आबा ओरडत चाललेले, "विलास रे, मी आबा हाय रे! माझ्यामागं मास्तर हाय रे! तुझी आई घावण करतेय, चल घरला!" आणि मागे मी, सतराचा पाढा म्हणत. पाचाच्या पुढे अडलो, पुन्हा सुरुवात केली. गवताची पाती तोंडावर येत होती. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता बार होणार.

ओढ्याच्या वरच्या बाजूला उंबराखाली विलास दिसला. गुडघ्यावर बसलेला, बंदूक खांद्याला, नळी खाली उताराकडे. आमचा आवाज त्याला ऐकू येत होता. त्याने डावा हात मागे करून आम्हाला गप्प बसायची खूण केली. तो दाखवत होता तिथे, चाळीस पावलांवर, गवत हलत होतं. काहीतरी काळपट, खाली वाकलेलं, हळूहळू पुढे सरकत होतं. मलाही ते डुक्करच वाटलं. आज कबूल करतो, माझ्या हातात बंदूक असती तर मी चाप ओढला असता.

मला वाटलं, आबा झडप घालतील. त्यांनी तसं केलं नाही. ते सरळ चालत विलासच्या शेजारी गेले आणि अंगणात बसावं तसे खाली बसले. अगदी हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "विलास, बोट काड भाईर. नुसतं बोट काड. डुक्कर कुठं जात नाय."

विलासचं बोट चापावरून निघालं. मग आबांनी नळीखाली हात घालून ती आभाळाकडे केली आणि बंदूक मोडली. काडतूस त्यांच्या तळहातावर पडलं. मग त्यांनी खाली वळून हाक मारली, "कोन हाय गो तिकडं?"

गवत थांबलं. आणि काळसर लुगड्यातली पारूबाई कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. हातात विळा होता.

"मी हाय, पारू! गवताला आलेय. वढ्याच्या आवाजात काय कळलं नाय. काय झालं?"

"काय नाय," आबा म्हणाले. "घरला जा. आज हिकडं येऊ नको."

विलास बाजूला जाऊन ओकला. नंतर बराच वेळ तो उंबराच्या बुंध्याला धरून उभा होता. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. मी मात्र पारूबाईकडे बघत होतो. ती भारा बांधत होती, शांतपणे.

खाली उतरताना आबांनी विचारलं, "मास्तर, पारूला सांगितलं हुतंत?"

"गेलो होतो," मी म्हणालो. "घराला कुलूप होतं."

"बरं," आबा म्हणाले.

विलासने पुन्हा बंदूक धरली नाही. मला पुढे कित्येक रात्री धड झोप लागली नाही. पारूबाई रस्त्यात भेटली की "काय मास्तर, बरं हाय?" म्हणून विचारायची आणि मी मान हलवून पुढे निघायचो. पण आबांपाशी मी तो विषय पुन्हा काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

चारपाच वर्षांनी आबांना डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलं. मुलाने ऑपरेशन करायचं म्हटलं. "ते करू," आबा म्हणाले, "पण बंदूक आधी देऊन टाकतो." एका सोमवारी आम्ही दोघं एसटीने पोलादपूरला गेलो. पोलीस ठाण्यात त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, परवाना ठेवला, पोच घेतली. परतीच्या गाडीत त्यांना हात कुठे ठेवावेत हे सुचत नव्हतं. कधी गुडघ्यावर ठेवत, कधी समोरच्या दांडीवर.

तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "आबा, त्या दिवशी मी पारूबाईच्या घरी गेलोच नव्हतो."

"म्हायती हाय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिच्या दाराला नुसती कडी हाय. कुलूप कवा नव्हतंच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी बदली मागून गेला असता. आमचा एक असाच गेला."

मग पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. तरुणपणी असाच हाका होता. आबा हाकाऱ्यांत होते आणि त्यांचा जिवाचा मित्र सहदेव वर बंदूक घेऊन बसला होता. गवत हललं, सहदेवने बार टाकला. छर्रे आबांच्या पोटरीत गेले. महिनाभरात ते चालायला लागले. ते पाय किंचित ओढतात ते मी वयाचं समजत होतो. पण सहदेव त्याच आठवड्यात मुंबईला निघून गेला. गणपतीला आला नाही, शिमग्याला आला नाही, बाप मेला तेव्हाही आला नाही.

"मी बरा झालो हो. तो नाय झाला."

"आणि तरी तुम्ही बंदूक घेतलीत?"

"गावात बंदूक ऱ्हाणारच हुती. मंग ज्याला लागलंय त्याच्याकडं एक असूंदे, म्हटलं." मग म्हणाले, "तुमी एक पत्र लिवा मला. सहदेवला. हातात बंदूक हुती तवर कुठल्या तोंडानं बोलवू त्याला? आता लिवा."

त्या रात्रीच मी लिहिलं. आबांनी सांगितलेला मजकूर चार ओळींचा होता: पाय बरा आहे, बंदूक दिली, डोळ्यांना कमी दिसतं, तू ये. भांडुपचा पत्ता सहदेवच्या भावकीतून मिळवला. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, त्याचंही नाही. पुढच्या वर्षी माझी बदली महाडजवळच्या शाळेत झाली. तिसऱ्या पत्राचं विचारायला मी आबांना निरोप धाडला, तर कळलं, आबा डोळ्यांचं ऑपरेशन करून एकटेच मुंबईला गेलेत.

आठ दिवसांनी महाडच्या एसटी स्टँडवर ते मला दिसले. बाकावर बसलेले. शेजारी पँट-शर्टातला एक वाळलेला म्हातारा, मांडीवर रेक्झिनची पिशवी घट्ट धरून.

"मास्तर, ह्यो सहदेव," आबा म्हणाले.

पोलादपूरची गाडी लागलेलीच होती. मी म्हटलं, "चला, जागा आहे." सहदेव उठला नाही. आबाही उठले नाहीत. गाडी गेली. अर्ध्या तासाने दुसरी लागली. सहदेव दारापर्यंत गेला, दांडीला हात लावला आणि परत येऊन बसला. आबा तिकडे बघतसुद्धा नव्हते. मला शाळेचं, पावसाचं, भाताचं काय काय विचारत होते. मलाच वाटत होतं, हा माणूस आता उठून मुंबईच्या गाडीकडे जाईल आणि आबा त्यालाही जाऊ देतील.

बऱ्याच वेळाने सहदेव माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच बोलला. "मास्तर, तुमी तितं होता. गावात काय म्हनतील मला?"

शिक्षकाला काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं. मला जे खरं वाटलं ते बोललो. "म्हणतील, कधी आलास? बस, चहा घे."

मग तिसरी गाडी लागली तेव्हा पिशवी उचलून तोच आधी चढला, आणि वरून त्याने आबांना हात दिला.